समजाकाका आणि नॉर्वेची बोट

आमच्या यार्डातल्या प्लंबिंग फोरमनचं प्रत्येक वाक्य ‘समजा’ने सुरू व्हायचं, आणि त्यापुढे कधी काही चांगलं यायचं नाही. समजा हा पाइप सुटला. समजा पंप बंद पडला आणि बोटीवर लहान मूल आहे. समजा कॉक उघडा राहिला आणि माणसाला झोप लागली. ‘समजा लॉटरी लागली’ असं त्यांच्या तोंडून आठ वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. पासपोर्टवरचं त्यांचं नाव मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स माझ्याच कपाटात असायच्या. पण केरळी सुतारापासून बांगलादेशी रंगाऱ्यापर्यंत सगळे त्यांना समजाकाकाच म्हणत. अर्थ त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हता. हे आडनाव असावं अशी सगळ्यांची समजूत होती.

मी त्या यार्डात क्वालिटीच्या कामाला. म्हणजे बोट तयार झाली की चेकलिस्ट घेऊन तिच्यात शिरायचं आणि दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या. हे काम मला जन्मतःच येतं, असं माझा नवरा म्हणतो. दुबईच्या वेशीवरच्या अल नहदातून सकाळी साडेसहाला निघायचं आणि अजमान ओलांडून उम्म अल कुवैनच्या खाडीवर पोचायचं. तिथे छोट्या मासेमारी बोटी बनत. यार्डात बाई मी एकटी आणि मराठी आम्ही दोघंच. काका मला चारचौघांत ‘मॅडम’ म्हणायचे, आजूबाजूला कुणी नसलं की ‘बाय’. दापोलीच्या बाजूचा माणूस, दुसरी कुठली हाक मारणार?

काकांचा माझ्या चेकलिस्टवर काडीचा विश्वास नव्हता. नळाचा जोड आवळला की ते त्याच्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळत, डोळे मिटून शंभर मोजत, आणि मग तो टिश्यू उजेडात धरून पाहत. कोरडा निघाला तरी समाधान नाही. थोड्या वेळाने दुसरा टिश्यू. घरी जाताना तिसरा. “काका, अहो एका बोटीत एकशे दहा जोड आहेत, टिश्यूचा खर्च पाइपापेक्षा जास्त होईल,” असं मी एकदा वैतागून म्हटलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “बाय, बाहेरून पाणी येतं ते दिसतं. आतून येतं ते सांगून येत नाय.”

हे त्यांचं पुस्तकी वाक्य नव्हतं. त्यांच्या वडिलांची बोट बंदरात बांधलेली असताना, वारा नाही, लाट नाही, उभ्या जागी बुडाली होती. सकाळी लोक किनाऱ्यावर गेले तर पाण्यावर फक्त डोलकाठी. डेक धुवायला समुद्राचं पाणी घेणारी एक रबरी नळी आतल्या आत तडकली होती, बास. माणूस कुणी गेलं नाही, पण वडील पुन्हा स्वतःच्या बोटीवर चढले नाहीत; उरलेला जन्म दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून गेले. काका तेव्हा बारा वर्षांचे होते. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, हे तर पाण्याचा ग्लासही वाकून बघायचे.

तर अशा माणसाच्या नोकरीतली शेवटची बोट नॉर्वेला जायची होती.

ती घेणारा एक वयस्कर इंजिनीअर होता. पूर्वी जहाजांवर असताना तो फुजैराच्या बंदरात यायचा, तिथे त्याने आमच्या बोटी पाहिल्या होत्या. निवृत्त होऊन तो आपल्या गावी मुलीबरोबर मासेमारी करणार होता. बोट डिसेंबरात फुजैराहून मोठ्या जहाजावर चढणार, जानेवारीत तिकडे पोचणार आणि एप्रिलपर्यंत उघड्यावर, जमिनीवर उभी राहणार. म्हाताऱ्याने मेलमध्ये सभ्यपणे लिहिलं होतं: आमच्याकडे तापमान उणे वीसपर्यंत जातं, तेव्हा नळाच्या सगळ्या लाइनी हिवाळ्यासाठी तयार करून पाठवा.

आता आमच्या या आखाती देशातली गंमत बघा. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, म्हणून आम्ही मे महिन्यात घरातला गीझर बंद करतो आणि त्यात निवलेल्या पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडतो. या यार्डात तीस वर्षांत कुणी पाणी गोठेल म्हणून घाबरलं नव्हतं. मॅनेजरने मेल वाचला आणि म्हणाला, “नळ उघडे ठेवा, पाणी वाहून जाईल, खलास.” मलाही ते पटलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू.

काकांना पटलं नाही. त्यांनी पितळेचं एक एल्बो, म्हणजे नळाचं काटकोनी वळण, घेतलं, त्यात पाणी भरलं, दोन्ही तोंडं बुचं लावून आवळली आणि कँटीनच्या फ्रीजरमध्ये कोंबड्यांच्या शेजारी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते उभं चिरलेलं निघालं. चांगलं जाड पितळ, आणि त्याला नखाएवढी फट. तो तुकडा ते आठवडाभर खिशात घेऊन फिरले. चहाला कुणी शेजारी बसलं की काढून दाखवायचे. “गोठताना फुगतं हे. आवाज नाय, वास नाय. समजा असा एक राहिला, तर तिकडचा माणूस वसंतात बोट पाण्यात सोडील आणि खाली झोपेल.” त्यांच्या कपाळावर घाम असायचा आणि तो उकाड्याचा नसायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर ते समजाकाका कसले. एका शुक्रवारी ते बसने दुबईला गेले, मॉलमध्ये तो बर्फाचा डोंगर केलाय तिथलं तिकीट काढलं, भाड्याचा कोट चढवला आणि तासभर आत उभे राहिले. घसरगुंडीवर पोरं खिदळतायत आणि हे एका कोपऱ्यात बाटलीतल्या पाण्याकडे टक लावून बघतायत. बाहेर आल्यावर त्यांनी मला फोन केला. “बाय, माझी बोटं वळेनात गो. आणि हे म्हणे उणे चार. तिकडे वीस.” फोनवरसुद्धा आवाज थरथरत होता. मी हसले. नंतर पोळ्या लाटता लाटता मलाही थोडी भीती वाटली, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

नुसते नळ उघडून भागत नाही हे त्यांनी म्हाताऱ्याशी मेल करून करून शिकून घेतलं. मेल अर्थात मी लिहायची, ते शेजारी उभे राहून सांगायचे. आधी टाकी रिकामी करायची, मग गीझर, मग कॉम्प्रेसरची हळू हवा सोडून नळ्यांतलं पाणी बाहेर काढायचं. तरी वाकणांत थेंब राहतोच. म्हणून शेवटी न गोठणारं एक गुलाबी द्रव्य पंपाने सगळीकडे फिरवायचं आणि प्रत्येक नळाला गुलाबी रंग दिसला की तो बंद करायचा. ते द्रव्य इथे मिळेना. मॅनेजर म्हणाला, गाडीचं कूलंट टाका, तेही गोठत नाही. काका कधी साहेबाला उलटून बोलत नसत. त्या दिवशी बोलले. “साब, वो जहर है. उस नल का पानी कोई पीयेगा.” मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, मी चेकलिस्टकडे पाहिलं, आणि गुलाबी द्रव्य परदेशातून मागवलं गेलं.

कामाला चार दिवस लागले. काका पोटावर झोपून, नळीला कान लावून आत पाणी डचमळतंय का ते ऐकायचे. शॉवर, स्वयंपाकाचं सिंक, आमिष ठेवायची टाकी, संडास, एकेक झालं. खालच्या छोट्या बेसिनसाठी मात्र त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ते बेसिन इतकं खाली होतं की त्याच्या नळीचं वाकण समुद्राच्या पातळीखाली यायचं, आणि तिथून पाणी बोटीच्या बाजूच्या भोकातून बाहेर. “हे बघ. ह्या वाकणात नेहमी वाटीभर पाणी राहतं, वास येऊ नये म्हणून. आता तिथे गुलाबी आहे. इथे जर चिरलं आणि भोकाचा कॉक उघडला, तर समुद्र सरळ आत.” मी मान डोलावली, चेकलिस्टवर टिक केली आणि सही केली. खाली काम करणाऱ्याची म्हणून त्यांची सही. अठ्ठावीस वर्षांतली त्यांची शेवटची.

आता माझा पराक्रम.

बोट यार्डातून निघाली की तिची पूजा करायची, ही रीत काकांनीच पाडलेली. नारळ, हळदकुंकू, पाण्याने भरलेला तांब्या. पूजा माझ्याकडे, कारण यार्डात सवाशीण मी एकटी. नारळ बाहेर फोडायचा, आणि तांब्यातलं पाणी शेडच्या मागे एक कडुलिंब आहे त्याच्या मुळाशी घालायचं, कारण पूजेचं पाणी पायदळी येता कामा नये. हे मला आईने शिकवलंय आणि तिला तिच्या आईने. त्या दिवशी काका व्हिसा रद्द करायला ऑफिसात गेले होते. ट्रेलर दारात घुरघुरत होता, बोटीवर प्लॅस्टिक चढवणारी माणसं खोळंबली होती, “यल्ला मॅडम, यल्ला” चालू होतं. मी खाली केबिनमध्ये, हातात तांब्या. कडुलिंबापर्यंत जाऊन येईतो दहा मिनिटं गेली असती. म्हटलं, बोटीलाच तीर्थ मिळू दे. आणि हात जोडून सगळा तांब्या त्या छोट्या बेसिनमध्ये ओतला.

संध्याकाळी काकांचा फोन आला. “नीट गेली ना? पूजा झाली?” “झाली काका, अगदी साग्रसंगीत,” मी म्हटलं. त्यांना इतकं बरं वाटलं की ते ‘समजा’ म्हणायचं विसरले.

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, माझ्या मुलाने गुलाबाचं सरबत अर्धं टाकलं. “मम्मा, इट्स टू स्वीट.” मी बडबडत ते सिंकमध्ये ओतलं आणि वरून भांडंभर पाणी. जाळीपाशी गुलाबी रंग एक क्षण दिसला आणि गेला. पाणी स्वच्छ. मी नळ बंद केला आणि मला पूजेचा तांब्या आठवला.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “एक तांब्या पाणी गं. सोड.” त्याचं बरोबर असतं तर किती बरं झालं असतं. पण तांब्याभर पाणी वाटीभर गुलाबीला हुसकावून लावायला भरपूर होतं, आणि चिरलेलं पितळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बोट फुजैराच्या बंदरात उभी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावर चढणार होती. म्हाताऱ्याला मेल केला असता तर तो आधी कागदावर सही कुणाची ते बघणार, आणि मॅनेजर लगेच म्हणणार की गेलेल्या माणसाची चूक. काकांचं विमान त्याच रात्री नऊचं, कायमचं. मला वाटलं, त्यांना न सांगता आपणच जावं. पण ते वाकण उघडायचं कसं हे मला येत नव्हतं, आणि उरलेली गुलाबी बाटली त्यांच्याकडे होती. ती ते दापोलीला नेणार होते. तिथे काय गोठणार म्हणून मी त्यांना चिडवलं होतं.

फोन केला. एका दमात सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वास घेतला की रडू येईल म्हणून. मग ते म्हणाले, “खोक्याला दोरी बांधत होतो. बाटली आतच होती, काढतो. ये तू.” ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

फुजैराचा रस्ता डोंगरातून जातो, एरवी मला आवडतो. त्या दिवशी काका शेजारी बाटली मांडीवर घेऊन बसलेले आणि दर पाच मिनिटांनी समजा. समजा जहाजावर आधीच चढवली असली. समजा गेटवर अडवलं. समजा टायर गेला. “काका, पुरे,” मी म्हटलं, “मला गाडी चालवता येत नाहीये.” ते गप्प झाले, पण ओठ हलत होते. त्यांच्या विमानाला सात तास होते आणि माझ्यामुळे ते उलट्या दिशेला चालले होते. मला स्वतःचा इतका राग आला की मी एका ट्रकला उगाचच हॉर्न मारला.

वाटेतून शिपिंग एजंटला फोन करून मी दोघांचे पास मागितले होते. माझा आला. काकांचा आला नाही. गेटवरचा पठाण भला माणूस होता. त्याने तीनदा कंप्युटरमध्ये पाहिलं, मग काकांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, “चाचा, क्या करूं. सिस्टम में आप हो ही नहीं.” व्हिसा परवाच रद्द झालेला, ओळखपत्र जमा केलेलं. अठ्ठावीस वर्षं या देशातल्या बोटींचं पाणी सांभाळलेला माणूस कागदावर इथे नव्हताच.

काकांनी वाद घातला नाही. बाटली माझ्या हातात दिली, खिशातून पाना काढून दिला, टिश्यूचं पाकीट दिलं. प्लॅस्टिक चढवताना एका बाजूला चेनचं दार ठेवायला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ते कुठल्या अंगाला आहे ते दाखवायला हवेत बोटाने बोट काढली. “फोन चालू ठेव. मी सांगतो तसं कर. घाई करू नको, विमानाचं मी बघतो.”

प्लॅस्टिकच्या आत भट्टी होती. अंधार, नव्या फायबरचा वास, आणि मोबाइलची बॅटरी दातांत धरून मी बेसिनखाली आडवी. कानात इअरफोन, त्यात काकांचा आवाज. “वाकणाच्या बुडाला बूच आहे. खाली डबा धर. डावीकडे फिरव.” मुलाचा आइस्क्रीमचा डबा आणला होता, त्यात ते पाणी पडलं. स्वच्छ, रंगाचा मागमूस नाही. त्यात एक कुंकवाचा कण फिरत होता. “काय रंग?” काकांनी विचारलं. “रंगच नाही, काका.” “हं,” एवढंच म्हणाले.

आणि मग घोडं अडलं. बुचातलं रबरी वॉशर निसटून कुठेतरी घरंगळलं. घामाने हात निसटत होते, मी तळ चाचपत होते, आणि काका गेटवरून म्हणत होते, “वायसर पडलं तर घाबरू नको, तिथेच असतं.” सापडलं. बसवलं. सपाट बाजू वर की खाली ते मी विचारायला हवं होतं. पण मी इतकी घाबरले होते, आणि त्यांना इतका उशीर होत होता, की मी ते तसंच दाबलं आणि आवळलं. “वायसर बसलं नीट?” “बसलं.” “मग ओत.” अर्धी बाटली ओतली. जाळीपाशी गुलाबी थांबलेलं दिसलं. टिश्यू लावला. शंभर मोजायचे होते, मी साठच मोजले. कोरडा होता. म्हणजे मला कोरडा वाटला.

बाहेर आले तर काका गेटसमोर फुटपाथच्या कडेवर बसले होते, पठाणाने दिलेल्या चहाचा कागदी कप हातात, न प्यायलेला. माझ्या बोटांचा गुलाबी रंग त्यांनी पाहिला. मला वाटलं, आता तीनदा विचारतील. त्यांनी कप रिकामा केला, पँट झटकली आणि म्हणाले, “चल गो बाय, खोकं खोलीवरच आहे.” परतीच्या वाटेवर ते गावच्या घराबद्दल बोलत होते, सुनेच्या हातच्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या कालवणाबद्दल. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “नीट राहा. गाडी हळू चालव.” आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र काचेपाशी बराच वेळ उभी होते.

त्यानंतरचा हिवाळा मी नॉर्वेत काढला. म्हणजे राहत होते अल नहदात, खिडकी उघडी टाकून पातळ चादरीत झोपायचे. पण सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी मोबाइलवर त्या गावाचं तापमान बघायचं. उणे नऊ. उणे चौदा. जानेवारीच्या शेवटी उणे एकोणीस. वॉशर सपाट बाजूने बसलं होतं की उलटं? उलटं असलं तर बूच गळणार, आणि वसंतात त्यातूनच समुद्र आत. डोळे मिटले की माझी बोटं पुन्हा ते बूच आवळायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर गळ्यापर्यंत खवखवत होतं. बोट बुडाली तर तो म्हातारा आणि त्याची मुलगी, आणि कागदावर काकांचं नाव. एकदा मी म्हाताऱ्याला मेल लिहायला घेतला: बेसिनखालचं बूच एकदा बघून घ्या. कारण काय सांगायचं ते सुचेना, म्हणून तीन दिवस तसाच ठेवला. चौथ्या दिवशी कारणासकट पाठवला. सगळं खरं, तांब्यासकट. त्याने उत्तर दिलं, बोट बर्फाखाली आहे, पोचता येत नाही, वसंतात आधी तेच बघू. त्या उत्तराने माझी झोप परत आली नाही, पण निदान चूक माझ्या नावावर लागली.

काकांचा दर रविवारी फोन यायचा. काजूला मोहोर आलाय. नातवाला दात आलाय. बंदरात सुरमई कमी, बांगडा भरपूर. मासे कसे सुकवले तेही सांगायचे. बोटीबद्दल अक्षर नाही. चार महिन्यांत एकदाही नाही. आधी मला हायसं वाटलं, मग नवल, आणि मग खरं सांगते, राग आला. म्हटलं, बघा, माणूस घरी गेला आणि विसरला. जन्मभर दुसऱ्यांच्या जिवाला घोर लावला आणि आता स्वतः कालवण जेवून घोरतोय. मीच एकटी इथे तापमान बघत बसलेय. ओठांवर आलेलं मी कितीदा तरी गिळलं. त्यांचं म्हातारपण सुखात चाललंय तर कशाला विष कालवा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला. बूच उघडलं, आत गुलाबी होतं, वाकण अखंड. बोट पाण्यात उतरली, चार दिवस झाले, तळ कोरडा. सोबत फोटो: लाल टोपीतली मुलगी डेकवर, हातात मासा. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं, आणि रविवारची वाट न बघता काकांना फोन लावला.

फोन काकूंनी घेतला. त्यांच्याशी मी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. मी म्हटलं, “काकू, काकांना सांगा, नॉर्वेची बोट पाण्यात उतरली, सगळं ठीक आहे.” पलीकडे त्यांनी देवाचं नाव घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बरं झालं गो. हे थंडीभर झोपले नायत. सुनेच्या मोबाइलवर रोज बघायचे तिथं किती थंडी पडली ती. मी म्हटलं, अहो विचारा ना तिला एकदा. तर मला बजावलं, खबरदार विचारशील. म्हणाले, विचारलं तर पोरीला वाटेल माझा तिच्यावर भरवसा नाय.”

तेवढ्यात काकांनी फोन हातातून घेतला असावा.

“उतरली काय?”

“उतरली, काका. तळ कोरडा.”

“बरं.” मग अगदी हळू, “वायसर सपाट बाजूनं बसलेलं ना?”

चार महिने त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं होतं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “मला आठवत नाही, काका. तेव्हाही माहीत नव्हतं.”

“मला वाटलंच तेव्हा,” ते म्हणाले. “तुझा आवाज तसा आलेला.”

“मग गेटवरच विचारलं का नाहीत?”

“तू पुन्हा आत गेली असतीस. तुझं तोंड बघितलं मी, लालबुंद झालेलं. त्या भट्टीत परत कशाला धाडू पोरीला?” त्यांनी घसा खाकरला. “ते जाऊ दे. तू तरी झोपलीस ना थंडीत नीट? उगाच घोर लावून घेतला नाहीस ना जिवाला?”

“छे, काका,” मी म्हटलं. “मस्त झोपले.”